पडद्यातली मधली जागा

आमच्या घरात तळी होती, बागा होत्या, संगमरवरी जिने होते, हंसांची एक जोडी होती आणि एकदा तर अंगणात विमानही उतरलं होतं. राहणारी माणसं मात्र दोनच, नाना म्हणजे माझे वडील आणि मी. माय पिंपळनेरकडच्या एका आश्रमशाळेत स्वयंपाकाला होती. ती तिकडेच राहायची आणि पंधरवड्यातून एकदा यायची. यायची तीही थकून, निम्मा वेळ झोपण्यात जायचा. नाना फोटो स्टुडिओंचे पडदे रंगवायचे. आजच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. पूर्वी फोटो काढायचा तर स्टुडिओत जावं लागे, आणि तिथे भिंतीवर एक रंगवलेलं कापड सोडलेलं असे. त्याच्यापुढे उभं राहिलं की साक्रीचा माणूसही महालात गेल्यासारखा दिसे. धुळे, जळगाव, थेट वरणगावपर्यंतच्या स्टुडिओंत नानांचे पडदे टांगलेले होते. आमच्या घरात मात्र एकही फोटो नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

पांझरा नदीच्या पलीकडे, पिठाच्या गिरणीमागे आमच्या दोन खोल्या आणि पुढे अंगण. अंगण खोल्यांपेक्षा मोठं, कारण पडदा तिथेच ताणला जायचा. मांजरपाटाला चिंचोक्याची खळ द्यायची, ती सुकली की पावडरचे रंग सरसात कालवून हात फिरवायचा. सरस चुलीवर उकळायचा आणि त्याच चुलीवर भाकरी. त्यामुळे माझ्या लहानपणीच्या भाकरीला एक वेगळाच वास होता, आणि तो मला अजून आवडतो हे कुणाला सांगायची सोय नाही. नानांना स्वयंपाकातले तीनच पदार्थ यायचे. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि शेवेची भाजी. ते आलटून पालटून व्हायचे. आम्ही जेवायचो तेही दोन वेळी, म्हणजे मी शाळेतून आल्यावर आणि नाना रंग वाळला की. रंग कधी वाळेल याचा काही नेम नसे. ताटावर ताट झाकून मी त्यांची भाकरी ठेवून द्यायची. दिवसभर गिरणीची भकभक, आणि वारा सुटला की ताणलेल्या कापडाचा थाडथाड आवाज. गिरणी बंद झाली की एवढं सुनं वाटायचं की मी उगीचच एखादी कविता मोठ्याने पाठ करत बसायची.

नाना कमी बोलायचे. जे बोलायचे ते चित्राबद्दल, आणि तेही अहिराणीत. शिकवायचं म्हणून त्यांनी मला कधीच काही शिकवलं नाही, पण त्यांचे नियम माझ्या अंगात मुरले. माणसाच्या डोक्यामागे झाड काढायचं नाही, नाहीतर फोटोत ते टाळूतून उगवलेलं दिसतं. क्षितिजाची रेघ मानेच्या उंचीवर घ्यायची नाही, मान कापल्यासारखी होते. सगळं वजनदार काम कडेला घ्यायचं. खांब, कुंड्या, जिन्याचा कठडा, हंस, सगळं कडेला. आणि मध्ये? मध्ये काही नाही. मध्ये फिकट पिवळं-राखाडी धुकं, हात हलका ठेवून, जेमतेम रंग आहे असं. मी एकदा, सात-आठ वर्षांची असेन, मधे एक सुंदरसं कमळ काढायला गेले तर नानांनी माझा हात धरला. मारलं नाही, धरला फक्त.

"मधली जागा मानूसनी शे," ते म्हणाले. "ती आपली नही."

पडदा निम्मा झाला की ते मला त्याच्यापुढे उभं करायचे. स्वतः अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, पेरूच्या झाडाला पाठ लावून उभे राहायचे आणि डोळे बारीक करून बघायचे. "जराशी सरक. हं. हालू नको." मी श्वास रोखून उभी. लहान होते तेव्हा मला वाटायचं, नाना माझ्याकडे बघताहेत. एवढा वेळ, एवढ्या लक्षाने माझ्याकडे दुसरं कुणीच बघत नव्हतं, म्हणून मला ते उभं राहणं फार आवडायचं. वेणी नीट घालून यायची मी त्यासाठी. मग एकदा गणवेशाला शाईचा हा एवढा डाग पडलेला असताना मी तशीच उभी राहिले आणि नानांना तो दिसलाच नाही. कपाळावर टेंगूळ होतं, तेही दिसलं नाही. तेव्हा मला उमगलं की ते माझ्या मागचं बघतात. माझ्या जागी रांजण ठेवला असता तरी चाललं असतं. त्या दिवशी मी रडले नाही, पण जेवलेही नाही, आणि झाकून ठेवलेली दोन ताटं बघून नानांनी फक्त विचारलं, "आज भूक नही का?"

आता ते नववीतलं चित्रकलेच्या परीक्षेचं प्रकरण. त्यात मी जी चूक केली ती पडदेवाल्याच्या पोरीशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून होणं शक्य नव्हतं. सरकारी परीक्षा जवळ आली होती आणि बडगुजर सरांनी सरावाला विषय दिला, लग्नसमारंभ. मी जीव तोडून काढलं. डावीकडे केळीचे खांब आणि बँडवाले, त्यांच्या तुताऱ्यांवर ऊन. उजवीकडे पाटावर बसलेल्या बाया, एकीच्या कडेवर रडणारं पोर. वर झालर. सगळा तोल साधला होता. सर माझ्या बाकाशी आले, कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"मंगल, मंडप झकास. केळीचे खांब तर एक नंबर," ते म्हणाले. "पण लग्न कोणाचं आहे?"

कागदाच्या मधोमध फिकट पिवळं धुकं होतं. मी खाली मान घालून, अगदी खरं वाटत होतं तेच बोलले. "ते नंतर येतील ना, सर."

वर्ग जो हसला! वर्षभर मला पोरं "नंतर येतील" म्हणूनच हाक मारायची. सर चांगले होते, त्यांनी मला समजावलं की चित्रात नजर शेवटी जिथे जाऊन थांबते तिथे काहीतरी हवं, नजर म्हणजे पाहुणा, त्याला बसायला पाट लागतो. मला पटलं. आणि खऱ्या परीक्षेत विषय आला आठवडे बाजार, तर मी कडेला टोपल्या, माठ, वांग्यांचे ढीग, बैलगाडी असं सगळं रचलं आणि मधोमध पुन्हा धुकं. हाताला सवयच ती. शेवटची घंटा व्हायला आली तेव्हा घाईघाईने एक बाई मध्ये काढली, ती हवेत लटकल्यासारखी दिसत होती. श्रेणी मिळाली ती शेवटची. चित्रकलेच्या कॉलेजचं माझं स्वप्न तिथेच ढेपाळलं. घरी येऊन मी नानांना तो सरावाचा कागद दाखवला. आतून वाटत होतं, ते चिडतील, सरांकडे जातील, काहीतरी करतील. नानांनी तो पेरूच्या झाडाशी नेऊन, डोळे बारीक करून पाहिला आणि म्हणाले, "बराबर शे. जागा ठेवी ना तू." आणि खूश होऊन पुन्हा रंग कालवायला बसले. माझ्या बापाला माझं चित्र कुठे चुकलं हेच कळत नव्हतं. त्या क्षणी मला जगात कुणी नाही असं वाटलं. वय तसं होतं म्हणा, पण वाटलं ते वाटलं.

बारावीनंतर मी जळगावला गेले. पारसभाऊ म्हणून एक स्टुडिओवाले होते, त्यांचं घराणं मूळचं राजस्थानातलं पण चार पिढ्या जळगावात. नानांचे पडदे तेच सगळ्यात जास्त घ्यायचे. त्यांनी कॉम्प्युटर आणला होता आणि त्यावर बसायला माणूस हवा होता. "पडदेवाल्याची मुलगी आहे, नजर असणार," असं म्हणून त्यांनी मला बोलावलं. नानांना मी सांगितलं तेव्हा ते ब्रश धूत होते. "जाय," म्हणाले. एवढंच. एस.टी.त बसल्यावर मी मागे वळून पाहिलं नाही. नाना सोडायला आलेच नव्हते, तर बघायचं कुणाला.

स्टुडिओत आता पडदा नव्हता. भिंतीवर नुसतं हिरवं कापड. माणसाला त्याच्यापुढे उभं करून फोटो काढायचा, मग मी पडद्यावर, म्हणजे आता कॉम्प्युटरच्या पडद्यावर, त्याच्या कडेकडेने रेघ फिरवून त्याला कापून काढायची आणि मागे काश्मीर नाहीतर स्वित्झर्लंड लावायची. सोपं वाटतं, पण नाही. कपडे कापता येतात, केस कापताना जीव जातो. हिरव्या कापडाची झाक गालावर उतरलेली असते, ती धुवावी लागते. माणसावर उजेड डावीकडून आणि डोंगरावर उजवीकडून असेल तर लाख नीट कापा, चिकटवल्यासारखंच दिसणार. पायाखाली सावली दिली नाही तर माणूस तरंगतो. हे मला कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नाही, नानांच्या अंगणातून आलं होतं. गिऱ्हाइकांना बर्फ, कारंजं, लाल मोटार सगळं एकदमच हवं असायचं. मी निम्मं हळूच पुसून टाकायची, उरलेलं धूसर करायची. नाहीतर नाकापेक्षा मोती जड. हल्ली फोन स्वतःच मागचं धूसर करून देतो आणि शेजारची मुलगी म्हणते, बघ मावशी, कसलं भारी. तिचा एक कान पण धूसर झालेला असतो.

पारसभाऊ कामावर खूश होते. पण मी त्या गावात अगदी एकटी होते. स्टुडिओच्या मागे एक खोली, खिडकी बोळात उघडणारी. खानावळीचा डबा यायचा, त्यात आठवड्यातून दोनदा भरीत. चांगलं असायचं, पण एकटीने खाल्लेल्या भरिताला चव किती असणार. दिवसभर माझ्यापुढे माणसंच माणसं. नवरानवरी, बारशाची बाळं, चीवर घातलेली बौद्ध श्रामणेर पोरं, नोकरीच्या अर्जाचे फोटो. त्यांच्या भुवया, कानाच्या पाळ्या, दातांतल्या फटी मला पाठ. बाजारात ती समोरून यायची, मी ओळखीचं हसायची आणि ती मला न बघता निघून जायची. त्यांचा काय दोष. दुपारी जळगावचं ऊन एवढं तापतं की रस्त्यावर चिटपाखरू नसतं. तेव्हा पारसभाऊ शटर अर्धं खाली ओढून घरी जेवायला जायचे आणि मी डबा उघडून कॉम्प्युटरपुढे बसायची. लोक जुने फोटो आणून द्यायचे, डाग काढा, मागचा जुनाट पडदा काढून नवीन काहीतरी टाका म्हणून. तो जुनाट पडदा बऱ्याचदा नानांचा असायचा. काम म्हणून मी तो काढायची, पण मूळ फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून द्यायची. जेवताना तेच उघडून बघत बसायची. हा आमचा जिना. हे मी रंग कालवून दिलेलं तळं. या खांबाच्या वेळी माय चार दिवस राहिली होती. पाणी यायचं डोळ्यांत. भाकरी तशीच हातात राहायची.

मग एका उन्हाळ्यात पारसभाऊंनी नानांना निरोप धाडला, घरात असतील नसतील ते पडदे घेऊन या. नाना तीन मोठ्या गुंडाळ्या एस.टी.च्या टपावर टाकून आले. शर्टाला इस्त्री होती. त्यांना वाटलं पडदे विकत घेणार. पारसभाऊंनी खुर्ची दिली, सरबत दिलं आणि समजावून सांगितलं, "नानाजी, आता कापडाचं काम राहिलं नाही. आपण तुमच्या पडद्यांचे फोटो काढून कॉम्प्युटरमध्ये ठेवू. फाटणार नाहीत, मळणार नाहीत. एकदाच काय ते तुमचा मान म्हणून देऊन टाकतो." नाना सरबताच्या पेल्याकडे बघत होते. मला कळत होतं की हे फोटो निघाले की नानांना पुन्हा कुणी पडदा सांगणार नाही. पारसभाऊंनाही कळत होतं, ते वाईट माणूस नव्हते. फक्त नानांना कळलंय की नाही ते समजत नव्हतं. पेला खाली ठेवून ते म्हणाले, "पोरगी काढी का फोटो?" मी मान हलवली. "मंग काढ."

मी फोटो काढले. नानांनी स्वतः पडदे टांगले, सुरकुत्या ओल्या फडक्याने बसवल्या. जेवायची वेळ झाली, पारसभाऊ शटर ओढून गेले. स्टुडिओत आम्ही दोघं आणि पंखा. नाना कॉम्प्युटरपाशी आले. पडद्यावर एक कापलेला माणूस बर्फात उभा होता, सावली द्यायची राहिली होती.

"याना पायखाले सावली कोठे शे?" नानांनी लगेच विचारलं. मी सावली टाकून दाखवली. ते हुंकारले. मग मला काय वाटलं कोण जाणे, मी ते फोल्डर उघडलं. "नाना, हे बघा तुमचे पडदे."

नाना खुर्ची ओढून बसले. मी एकेक फोटो पुढे सरकवत होते आणि सांगत होते, हा वरणगावचा जिना, हा हंसांचा, याचा निळा रंग फिका झालाय बघा. मी बघितलं तर ते रंगवलेला पडदा बघतच नव्हते. ते फोटोतली माणसं बघत होते. "हाई कोन शे?" प्रत्येक फोटोला तेच. ही कोण, ते म्हातारबा कोण, ती दोन पोरं भाऊ आहेत का. मला काय माहीत. मी वर्षभर ते फोटो बघत होते आणि एकाही माणसाकडे मी धड पाहिलं नव्हतं. नानांनी तर जन्मात असला फोटो पाहिला नव्हता हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. पडदा पोचवायचा आणि परत यायचं. फोटो जायचे ते लोकांच्या घरी, ट्रंकेत, भिंतीवर. आपल्या बागेत कोण कोण येऊन गेलं ते त्या माणसाला कधी कळलंच नव्हतं.

"मागे जाय," ते एकदम म्हणाले. "पुन्हा दखाड. पहिलापासून."

मी पुन्हा दाखवलं. आणि नाना हसायला लागले. पोट धरून, खोकला येईपर्यंत हसले. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं, मला भीतीच वाटली.

"दख ना," ते पडद्याला बोट लावून म्हणाले, "बठ्ठा कडेले उभा शेतस!"

खरंच होतं, सगळे कडेलाच उभे. नवरी जिन्याच्या कठड्याला टेकलेली. म्हातारबा खांबाशी. दोन पोरं हंसांजवळ, एकाचा हात तर हंसाच्या मानेवर. कॉलेजातला एक पोरगा रंगवलेल्या कुंडीला खेटून असा उभा, जणू आताच पाणी घातलंय. फोटोंमागून फोटो, आणि सगळ्यांच्या मधोमध नानांचं ते फिकट पिवळं धुकं, जसंच्या तसं, रिकामं.

"इतला वरीस मधली जागा राखी मी," नाना म्हणाले, "आनि तठे कोनी उभंच नही राह्यनं." हसू अजून ओठांवर होतं पण डोळे पुसत होते. मी म्हटलं, "नाना, फोटोवाल्यांनी सांगितलं असेल कडेला उभं राहायला." त्यांनी नाही म्हणून मान हलवली. त्या कुंडीला खेटलेल्या पोरावर त्यांनी बोट ठेवलं.

"नही व. मानूसले एकलं उभं राह्यवत नही," ते म्हणाले. "काहीतरी जोडे लागस." जोडे म्हणजे जवळ, सोबतीला.

मी डबा उघडला. नानांनी पिशवीतून फडकं काढलं, त्यात घरून आणलेली भाकरी आणि ठेचा. मी टेबलावरचे कागद बाजूला केले, दोघांना पुरेल एवढी जागा केली. नानांनी भाकरी मोडली, पण घास तोंडात घातला नाही. त्यांनी मागच्या खोलीच्या उघड्या दाराकडे पाहिलं, तिथे दिसणारी एक खाट, एक ताट, एक पेला पाहिला.

"मंगल," ते म्हणाले, "तू आठे कोनाजोडे जेवस?"

खोटं सांगावं असं मनात आलं होतं. शेजारच्या बाया येतात, पारसभाऊंच्या घरी बोलावतात, असं काहीतरी. पण त्यांनी मला असलं काही विचारलं होतं ते आयुष्यात पहिल्यांदाच.

"एकलीच," मी म्हटलं.

"मी बी," नाना म्हणाले.